काळ्या मातीच्या भेगा, मार्चिंग क्यूब्स आणि कुसळासारखे त्रिकोण

वावरवाला
१८ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. मृदाशास्त्रात एम.एस्सी. करतोय, उन्हाळ्यापुरता घरी आलोय.

आमच्या वावरातली माती भारी काळी. एप्रिल-मेमध्ये अशा भेगा पडतात की विळा आत गेला तर खांद्यापर्यंत हात घालूनही लागत नाही. मृगाचा पहिला पाऊस आला की पाणी वरच्या थरात मुरत बसत नाही, या भेगांतून सरळ खाली उतरतं. किती उतरतं, कोणत्या भेगेतून उतरतं, आणि माती फुगून भेग मिटायच्या आधी किती निघून जातं, हे मला गणिताने काढायचंय.

त्यासाठी ५ सेंटिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात नमुना घेतला. दोन्ही तोंडं मेणाने बंद केली, फडक्यात गुंडाळला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन पुण्याला नेला. तिथल्या एका प्रयोगशाळेत मायक्रो-सीटी (क्ष-किरणांनी आतलं बारीक त्रिमितीय चित्र) करून मिळालं. व्हॉक्सेल (त्या चित्राचा एकेक बारीक घन) ६० मायक्रॉनचा, आकार ८५० × ८५० × ९००.

त्यातून मार्चिंग क्यूब्स या पद्धतीने भेगांच्या भिंतींची त्रिकोणजाळी काढली. स्क्रीनवर फार सुंदर दिसते. पण टेटजेनमध्ये (आतली जागा चतुष्फलकांनी, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या तुकड्यांनी भरणारा प्रोग्रॅम) टाकली की चतुष्फलकांची संख्या वाढतच जाते आणि माझा ८ जीबीचा लॅपटॉप बसून जातो. छोटा तुकडा कापून कसाबसा पुढे नेला, तर सॉल्व्हरची (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमची) चूक खाली यायच्या ऐवजी वरखाली होत राहते.

जाळी मोठी करून पाहिली तेव्हा कारण दिसलं. चांगल्या त्रिकोणांच्या मधे मधे कुसळं. लांबट, टोकदार, एका बाजूचा कोन जवळपास शून्य. काहींचं तर क्षेत्रफळच शून्य. प्रत्येक त्रिकोणाचा लहानात लहान कोन मोजून हिस्टोग्राम काढला, शून्याच्या बाजूला टेकाड उभं राहिलं.

हे कसे घालवायचे? कोणी केलं असेल तर सांगा. गावात नेट रात्रीच नीट चालतं, म्हणून उत्तराला उशीर होईल.

त्रिमिती
१८ मे, रात्री ११:१५

विषय आवडला. उपाय सांगण्याआधी तीन गोष्टी सांगा.

एक, मिळालेली फाइल किती बिटची आहे? दोन, मार्चिंग क्यूब्स करड्या छटांवर चालवलं की आधी माती-हवा असं ०/१ करून? तीन, उंबरठ्याचा आकडा, म्हणजे ज्या छटेच्या वर माती आणि खाली हवा मानायची तो, कोणता धरला?

कुसळं कुठून जन्मतात ते कळल्याशिवाय चाळणी लावण्यात अर्थ नाही.

वावरवाला
१९ मे, रात्री ८:५५

फाइल ८ बिटची. छटा ० ते २५५. मूळ १६ बिटची असावी, पण पाठवायला सोपी जावी म्हणून त्यांनीच बारीक करून दिली, मला न विचारता.

आधी ०/१ करून पाहिलं होतं. तेव्हा त्रिकोण इतके वाईट नव्हते, पण भेगेच्या भिंतीला पायऱ्या पायऱ्या आल्या. म्हणून ते सोडलं आणि थेट छटांवर चालवलं. उंबरठा ११२. ओत्सूच्या पद्धतीने, म्हणजे छटांच्या हिस्टोग्रामवरून आपोआप आला तो.

त्रिमिती
१९ मे, रात्री १०:३०

मग निम्मं उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे. जरा सविस्तर लिहितो, इतरांनाही उपयोग होईल.

मार्चिंग क्यूब्स १९८७ सालचं. जनरल इलेक्ट्रिकमधल्या विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांचं. कल्पना सोपी आहे: शेजारच्या आठ व्हॉक्सेलांचा एक घन घ्यायचा, प्रत्येक कोपरा उंबरठ्याच्या वर की खाली ते बघायचं. आठ कोपरे, दोन शक्यता, म्हणजे २५६ प्रकार. ते फिरवून-उलटवून मूळ लेखात १५ वर आणलेत. ज्या कडेचं एक टोक वर आणि दुसरं खाली, तिथे पृष्ठभाग कड कापतो. नेमका कुठे, ते दोन टोकांच्या आकड्यांच्या प्रमाणात ठरतं. त्या छेदबिंदूंना जोडून त्रिकोण.

या सगळ्यात त्रिकोण कसा दिसेल याचा विचार कुठेच नाही. पृष्ठभाग घनाच्या कोपऱ्याजवळून गेला की त्रिकोण बिघडतो.

तुमच्याच आकड्यांत बघू. एका कोपऱ्याची छटा ११३, म्हणजे माती. त्याच्या दोन शेजाऱ्यांची ७३, तिसऱ्याची ११२. उंबरठा ११२.५ धरू. पहिल्या दोन कडांवर छेदबिंदू कोपऱ्यापासून ०.५ भागिले ४०, म्हणजे ०.०१२५ इतक्या अंतरावर. तिसऱ्या कडेवर ०.५ भागिले १, म्हणजे बरोबर मध्यावर. आता हा त्रिकोण काढा. एक बाजू ०.०१८, बाकीच्या दोन ०.५. टोकाचा कोन जेमतेम २ अंश. हेच तुमचं कुसळ.

आता उंबरठा नेमका ११२ ठेवला तर? ८ बिटमध्ये आकडे पूर्णांकच असतात, म्हणून भिंतीलगत कित्येक व्हॉक्सेल नेमके ११२ असणार. तिथे कोपऱ्याचं उंबरठ्यापासूनचं अंतर शून्य. तीनही छेदबिंदू त्या कोपऱ्यावरच येऊन बसतात आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ शून्य. म्हणून पूर्णांकी माहितीवर उंबरठा कायम अर्ध्यावर ठेवा. ११२ नको, ११२.५. एवढ्याने शून्य क्षेत्रफळवाले जातील. कुसळं जाणार नाहीत, ती वरच्या उदाहरणासारखी राहतीलच.

सायकिट-इमेज (पायथनमधली चित्रांवरच्या कामाची लायब्ररी) वापरत असाल तर आणखी एक. उंबरठा दिला नाही तर ते लघुत्तम आणि महत्तम छटेची सरासरी धरतं. नमुन्यात एखादा लोहाचा खडा असला की ती सरासरी भलतीकडे जाते. तेव्हा आकडा हाताने द्या.

०/१ वर त्रिकोण बरे का दिसले तेही यातच आलं. तिथे प्रत्येक छेदबिंदू कडेच्या बरोबर मध्यावर पडतो, म्हणून त्रिकोणांचे ठरावीक चार-पाच आकार होतात आणि कोणीच कुसळ नसतो. पण पृष्ठभाग खोटा. छटांमधली अर्ध्या व्हॉक्सेलची माहिती तुम्ही आधीच फेकून दिलेली असते. थेट छटांवर आलात ते बरोबर केलंत.

आणि त्या प्रयोगशाळेकडे मूळ १६ बिटची फाइल मागा. ती तुमच्या नमुन्याची आहे, मागायला संकोच नको.

कोळसापट्टा
२० मे, सकाळी ७:१०

वणीकडून लिहितोय. खाणीच्या ब्लॉक मॉडेलमधून थराचा पृष्ठभाग काढताना आम्हालाही असेच त्रिकोण मिळतात. आम्ही सरळ मेशलॅब या जाळीच्या प्रोग्रॅममध्ये क्वाड्रिक डेसिमेशन (त्रिकोण कमी करायची पद्धत) लावतो. त्रिकोण दहा टक्क्यांवर आणले की फाइल हलकी होते, बारीकसारीक आपोआप निघून जातं. आकारमान काढायला पुरतं.

रेवती_वर्धा
२० मे, दुपारी २:२०

कोळसापट्टा, आकारमानासाठी ठीक आहे. वावरवाला यांच्या कामाला ते चालणार नाही असं मला वाटतं. गारलंड आणि हेकबर्ट यांची १९९७ची ती पद्धत पृष्ठभागापासूनची चूक कमी ठेवते, त्रिकोणाचा आकार सुधारणं हा तिचा हेतू नाही. सपाट भागात ती उलट लांबच लांब त्रिकोण करून ठेवते.

वावरवाला, मी भिंतींमधल्या प्रवाहावर काम केलंय, म्हणून एक सांगते. ते आधी मनात पक्कं करा, मग जाळीला हात लावा. दोन समांतर भिंतींच्या फटीतून जाणारं पाणी फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतं. दाबाचा उतार तोच ठेवून रुंदी दहा टक्क्यांनी कमी झाली, तर प्रवाह ०.९ चा घन, म्हणजे ०.७२९ वर येतो. सत्तावीस टक्के पाणी गेलं.

आता तुमची भेग तीन व्हॉक्सेल रुंद आहे असं धरा, १८० मायक्रॉन. जाळी गुळगुळीत करताना दोन्ही भिंती अर्धा-अर्धा व्हॉक्सेल आत सरकल्या तर रुंदी तीनाची दोन होते. दोन तृतीयांशाचा घन ०.३०. प्रवाह तिसऱ्या हिश्शाच्याही खाली. जाळी दिसायला देखणी, कोन सगळे ४० अंशांच्या वर, आणि उत्तर तिपटीने चुकलेलं. असे निकाल मी पाहिलेत, म्हणून कळकळीने सांगतेय.

दुसरं, तुम्हाला जाळी लागतेच का? लॅटिस बोल्ट्झमन ही प्रवाह काढायची पद्धत थेट व्हॉक्सेलांवर चालते.

वावरवाला
२० मे, रात्री ९:३०

रेवतीताई, घनाचं गणित वाचून अंगावर काटा आला. कारण कालच मी लाप्लासियन स्मूदिंगचे (जाळी गुळगुळीत करायचे) ३० फेरे मारले होते आणि हिस्टोग्राम छान झाला म्हणून खूश होतो. आज तपासलं तर दोन ठिकाणी समोरासमोरच्या भिंती एकमेकींच्या आरपार गेल्यात. टेटजेनने जाळी घेतलीच नाही.

नुसता प्रवाह काढायचा असता तर लॅटिस बोल्ट्झमन घेतलं असतं. पण काळी माती पाण्याने फुगते. भिंत सरकते, भेग मिटते, आणि मातीतला ताणही मला काढायचाय. त्यासाठी फायनाइट एलिमेंट (जागेचे छोटे तुकडे पाडून गणित सोडवायची रीत) हवं आणि भिंतीला धरून सरकणारी जाळी हवी. म्हणून हा हट्ट.

त्रिमिती
२१ मे, सकाळी ६:३०

रेवती यांनी लिहिलेलं या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

लाप्लासियनमध्ये प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीकडे सरकतो. त्यामुळे फुगीर भाग आत बसतो, पृष्ठभाग आकसतो. टाउबिनने १९९५ मध्ये त्यावर उपाय दिला: एक फेरा आत, लगेच थोडा जास्त जोराचा फेरा बाहेर. आकसणं बरंच थांबतं. पण दोन्ही रीती मुळात खडबडीतपणा घालवायच्या आहेत. कुसळं त्यांच्यामुळे कमी झालीच तर ती ओघात.

मी करतो ते असं. बिंदूची हालचाल दोन भागांत तोडायची. पृष्ठभागाच्या बाजूने सरकणं आणि पृष्ठभागाला काटकोनात सरकणं. बाजूने सरकू द्यायचं, काटकोनात अजिबात नाही. वावरात धुऱ्यावरचे दगड धुऱ्याच्याच रेषेत मागेपुढे केले तर वावर तेवढंच राहतं, आत-बाहेर केले की भांडण. तसंच.

क्रम सांगतो.

पहिल्यांदा छेदबिंदू कोपऱ्याला चिकटवणं. रामन आणि वेंगर यांची २००८ची स्नॅपएमसी म्हणून पद्धत आहे. छेदबिंदू कोपऱ्याच्या फार जवळ आला तर त्याला सरळ कोपऱ्यावर बसवायचं. मग कोपऱ्याला वर, खाली आणि नेमका वर-खालीच्या सीमेवर अशा तीन अवस्था होतात, आणि तक्ता २५६ ऐवजी ३ चा आठवा घात, म्हणजे ६,५६१ नोंदींचा. परवाच्या उदाहरणात ०.०१२५ वरचे दोन्ही बिंदू कोपऱ्यावर येऊन एक होतात आणि तो २ अंशांचा त्रिकोण उरतच नाही. कडेच्या पाचव्या हिश्शापर्यंत चिकटवायचं ठरवलं तर तुमच्याकडे बिंदू जास्तीत जास्त १२ मायक्रॉन हलेल. पण हे १२ मायक्रॉन काटकोनातही असू शकतात, हे लक्षात असू द्या. पुढच्या पायरीत ते परत मिळवायचेत.

दुसरं, समान बाजूंची फेरजाळणी. बॉट्श आणि कोबेल्ट यांची २००४ची कृती सगळीकडे वापरतात, पायमेशलॅबमध्येही (मेशलॅब पायथनमधून वापरायची लायब्ररी) तयार मिळते. एक लांबी ठरवायची. तिच्या ४/३ पेक्षा मोठी कड मधोमध तोडायची, ४/५ पेक्षा छोटी कड मिटवायची. मग कडा उलटवून प्रत्येक बिंदूला सहाच्या आसपास शेजारी राहतील असं करायचं. सहा का, तर ऑयलरच्या सूत्रातून बंद त्रिकोणजाळीत त्रिकोण बिंदूंच्या साधारण दुप्पट आणि कडा तिप्पट येतात, म्हणजे सरासरी शेजारी सहाच पडतात. शेवटी बिंदू स्पर्शपातळीत थोडे सरकवायचे. असे पाच-दहा फेरे.

तिसरी पायरी बहुतेक लोक गाळतात. प्रत्येक फेऱ्यानंतर बिंदू परत खऱ्या पृष्ठभागावर आणायचा. तयार साधनं जुन्या जाळीवर आणतात. तुमच्याकडे तर मूळ घनफळाची माहितीच हातात आहे! बिंदूजवळच्या आठ व्हॉक्सेलांवरून तिथली छटा काढा, ती ११२.५ पेक्षा किती वेगळी आहे बघा, त्या फरकाला ग्रेडियंटच्या (छटा सगळ्यात वेगाने वाढते त्या दिशेच्या बाणाच्या) लांबीने भागा आणि ग्रेडियंटच्या दिशेने तेवढं मागे या. न्यूटनच्या रीतीचे असे दोन-तीन टप्पे पुरतात. चिकटवताना गेलेले १२ मायक्रॉनही यात परत येतात. ग्रेडियंट फार लहान असेल तिथे मात्र पाऊल अर्ध्या व्हॉक्सेलपेक्षा मोठं पडू देऊ नका, नाहीतर बिंदू समोरच्या भिंतीवर जाऊन बसेल.

पूर्णाकाठ
२१ मे, सकाळी ९:०५

पोरा, तुमचं त्रिकोणाचं मले समजत नाही, पण मातीचं समजते. आमचं वावर अकोटकडं, खारपाणपट्ट्यात. चाळीस वर्षं हेच ढेकळं फोडतो.

एक विचारतो. तो पाइप तू मातीत ठोकून घातला का? मे महिन्यातली काळी माती ठोकली की तडकते. तुह्या फोटोत ज्या भेगा हायेत त्यातल्या उन्हाच्या कोणत्या अन् तुह्या हातोड्याच्या कोणत्या, हे कसं ओळखशील? ठोकू नको. भोवतालची माती खुरप्यानं कोरून काढ, मधे खांब उभा ठेव, त्याच्यावर पाइप हळूच उतरव अन् मधल्या जागेत मेण ओत. मंग वरून दोरा लावून काप.

वावरवाला
२१ मे, रात्री १०:००

काका, पाया पडतो तुमच्या. ठोकूनच घातला होता.

आत्ता आडवे छेद एकेक करून पाहिले. पाइपच्या कडेपासून आत साधारण ५-६ मिलिमीटरपर्यंत बारीक, सरळ, काठाला समांतर अशा भेगा आहेत. आतल्या भेगा वेगळ्या, वाकड्यातिकड्या, आणि तीन भेगा भेटतात तिथे बहुतेक एक मोठी अन् दोन लहान. काठाच्या भेगा हातोड्याच्याच असणार. तीन दिवस मी त्या खोट्या भेगांचे त्रिकोण सुधारत बसलो होतो.

आता मधला ४०० × ४०० × ४०० चा भाग कापून घेतो, २४ मिलिमीटरचा घन. आणि मृग लागायच्या आत बाबांना सोबत घेऊन तुमच्या रीतीने नवीन नमुना काढतो.

झाडीपट्टी
२२ मे, दुपारी १२:४५

वाचतोय आणि शिकतोय. मार्चिंग क्यूब्सऐवजी ड्युअल कंटूरिंग किंवा सरफेस नेट्स या पद्धती घेतल्या तर कुसळं मुळातच येणार नाहीत ना? शिवाय पृष्ठभागाच्या आतली जागा थेट चतुष्फलकांनी भरणारं लाबेल आणि श्यूचुक यांचं आयसोसरफेस स्टफिंगही आहे. त्यात चतुष्फलकांचे द्वितल कोन (दोन बाजूंमधले कोन) १०.७ ते १६४.८ अंशांत राहतील अशी सिद्ध हमी आहे, २००७चा लेख.

त्रिमिती
२२ मे, रात्री ९:२०

चांगला प्रश्न. या पद्धतींत प्रत्येक घनात एकच बिंदू ठेवतात आणि शेजारच्या घनांतले बिंदू जोडून चौकोन करतात. बिंदू घनाच्या आत मोकळेपणाने बसतो, म्हणून आकार खरंच बरे येतात. सारा गिब्सन यांचं सरफेस नेट्स १९९८चं, ड्युअल कंटूरिंग २००२चं. दुसरं तीक्ष्ण कडांसाठी आहे. यंत्राच्या सुट्या भागाला उत्तम, मातीच्या गोंगाट असलेल्या ग्रेडियंटवर त्याचे बिंदू घनाबाहेर उडतात. सरफेस नेट्स चालेल, पण एका अटीवर. भेग इतकी बारीक असेल की तिच्या दोन्ही भिंती एकाच घनातून जातात, तिथे दोघींना मिळून एकच बिंदू मिळतो आणि भेग चिमटते. वावरवाला यांना नेमक्या त्याच भेगा हव्यात.

स्टफिंगबद्दल तुमचं बरोबर आहे. ती हमी खरी आहे आणि टेटजेनची पायरीच वाचते. पण त्याची समान आकाराची जाळी पृष्ठभागाशी जेवढी बारीक, तेवढीच बारीक टेट्रांची (चतुष्फलकांची) रांग भरत जाते. १८० मायक्रॉनच्या फटीत आडवे चार-पाच टेट्रा हवेत असं धरलं तर जाळी व्हॉक्सेलपेक्षा बारीक करावी लागेल. ८ जीबीत ते बसणार नाही.

रेवती_वर्धा
२३ मे, सकाळी ११:३०

८ जीबीवरून आठवलं. पूर्ण घनफळ ६५ कोटी व्हॉक्सेलांचं आहे. ८ बिटमध्ये ०.६५ जीबी. नमपायमध्ये (पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी) नुसतं फ्लोट म्हटलं की ते ६४ बिटचं होतं आणि तेच ५.२ जीबी खातं. फ्लोट३२ लिहा, २.६ मध्ये भागेल. किंवा तुकडे करून चालवा. शेजारच्या तुकड्यांत व्हॉक्सेलांचा एक थर सामाईक ठेवला तर सीमेवरचे छेदबिंदू दोन्हीकडे तेच आकडे वापरून निघतात, म्हणून तंतोतंत जुळतात आणि नंतर एकत्र करता येतात. फेरजाळणी मात्र जोडल्यावरच करा.

गाउसियन फिल्टर (छटा शेजाऱ्यांत मिसळून गोंगाट कमी करणारा) लावत असाल तर त्याकडेही लक्ष द्या. एक व्हॉक्सेल सिग्माचा (पसाऱ्याचा) गाउसियन एका व्हॉक्सेलच्या भेगेला छटांमध्येच भरून टाकतो. मग जाळीत ती भेग नसतेच, आणि जाळी कितीही तपासली तरी ते कळणार नाही. मी मीडियन फिल्टरही जपून लावते, त्याचंही बारीक फटींशी वैर आहे.

जाळीची तपासणी तीन प्रकारे करा. फेरजाळणीच्या आधी आणि नंतर बिंदू वजा कडा अधिक त्रिकोण हा ऑयलरचा आकडा काढा. तो बदलला तर कुठेतरी भोक पडलं किंवा बुजलं. स्वतःलाच छेदणारे त्रिकोण मेशलॅबमध्ये शोधा, एकही चालणार नाही. आणि शेवटी भेगेची रुंदी. पन्नासेक ठिकाणी भिंतीवरून लंब काढून समोरची भिंत किती दूर आहे ते जुन्या आणि नव्या जाळीत मोजा. कोनांचा हिस्टोग्राम त्यानंतर बघा.

वावरवाला
५ जून, रात्री ९:१५

उशीर झाला, माफ करा. पेरणीची तयारी चालू होती आणि मधे चार दिवस लाइनचा खेळखंडोबा.

१६ बिटची फाइल मिळाली. मागितली तशी लगेच दिली त्यांनी. मधला ४०० चा घन घेतला, गाउसियन लावलाच नाही. उंबरठा अर्ध्यावर ठेवला, चिकटवण्याची मर्यादा कडेचा पाचवा हिस्सा, फेरजाळणीची लांबी ६० मायक्रॉन, आठ फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर छटांवर परत आणणं. ते परत आणायचं पायथनमध्ये स्वतः लिहिलं, चाळीसेक ओळींत झालं.

हिस्टोग्राममधलं टेकाड शून्यापासून उठून ५०-६० अंशांच्या मधे गेलं. ऑयलरचा आकडा आधी-नंतर तोच. छेदणारा त्रिकोण एकही नाही. पन्नास ठिकाणी रुंदी मोजली, बहुतेक ठिकाणी फरक ५ मायक्रॉनच्या आत. टेटजेन काही मिनिटांत जाळी देऊन मोकळं झालं, आणि सॉल्व्हर पहिल्यांदा शेवटपर्यंत गेला. रात्री एक वाजता. आई उठून आली, काय झालं म्हणून.

नवीन नमुना परवा काढला. बाबांनी विळ्याने अन् मी खुरप्याने भोवतालची माती कोरली, मधला खांब राहू दिला. हाताएवढा खांब सोडायला अडीच तास लागले. दोनदा मोडला, तिसऱ्यांदा टिकला. पाइप उतरवताना बाबा म्हणाले, श्वास रोखून धर. मेण ओतून आता कोठीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलाय, ओल बदलू नये म्हणून वरून प्लास्टिक. पूर्णाकाठ काका, तुमच्यामुळे हे झालं.

एक अडचण उरलीच आहे. थर २१२ च्या आसपास दोन भेगा अगदी जवळून जातात, मधे मातीची जेमतेम दीड व्हॉक्सेलची भिंत. तिथे रुंदीतला फरक २५ मायक्रॉन येतोय. बिंदू परत आणताना चुकीच्या बाजूला जातात की छटाच तिथे पुसट आहे, कळत नाही.

त्रिमिती
५ जून, रात्री १०:४०

मनापासून अभिनंदन. दीड व्हॉक्सेलच्या भिंतीत छटा मातीच्या खऱ्या आकड्यापर्यंत चढतच नाही, दोन्ही बाजूंची हवा तिला खाली ओढते. म्हणजे तिथे उंबरठ्याचा पृष्ठभागच मुळात आत सरकलेला असणार, तुमचे बिंदू बिचारे बरोबर जागी जात असतील. त्या जागेची छेदरेषा काढा: भेग, भिंत, भेग अशी वीस व्हॉक्सेल छटा ओळीने लिहून इथे टाका. मधला उंचवटा उंबरठ्याच्या जेमतेमच वर असेल तर तेवढ्या भागापुरती चिकटवण्याची मर्यादा शून्य करा, फेरजाळणीची लांबी ३० मायक्रॉनवर आणा आणि परत चालवा.

पूर्णाकाठ
६ जून, सकाळी ६:५०

कोठीत उंदीर हायेत का बघ. मेण खातात ते. पत्र्याच्या डब्यात ठेव.

वावरवाला
६ जून, सकाळी ७:२०

ठेवला काका, धान्याच्या कोठीतल्या पत्र्याच्या डब्यात. त्रिमिती सर, छेदरेषा आज रात्री टाकतो.